चपला बाहेरच राहू द्या

महाराष्ट्रातील बिशप, पाळक, धर्मगुरू आणि पंचकमिट्यांना खुले पत्र



हे पत्र कुणा एका बिशपांना किंवा एका मंडळीला नाही. नगर-जालन्याकडच्या जुन्या मंडळ्या, वसई-मुंबईकडचे कॅथलिक धर्मप्रांत, पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्या, या सगळ्यांच्या पुढाऱ्यांना ते आहे. एकमेकांच्या प्रभुभोजनाला आपण बसत नाही, तो विषय आज बाजूला ठेवते. सध्या आपल्या सगळ्यांच्या घरात एकच भीती येऊन बसली आहे आणि तिच्याविषयी मला बोलायचं आहे. मी निवृत्त शिक्षिका. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून पायी हिंडणारी बायबलबाई होती. यापलीकडे माझा अधिकार काही नाही.

गेले काही महिने आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सूचनापत्र फिरतं आहे. घरोघरच्या प्रार्थनासभांना दोघादोघांनी यावं. बायबल हातात धरू नये, पिशवीत ठेवावं. ढोलकी-टाळ आणू नयेत. गीतं हळू म्हणावीत. पडदे ओढून घ्यावेत. चपला दाराबाहेर न काढता घरात घ्याव्यात, म्हणजे माणसं किती जमली ते कळणार नाही. पत्रावर कुणाची सही नाही, पण मजकूर आपल्यापैकीच कुणाच्या तरी कचेरीतून निघाला असणार, कारण शेवटी ‘प्रार्थनापूर्वक’ असं लिहिलं आहे.

या सूचना तंतोतंत पाळलेल्या एका सभेला मी होते. पाऊस पडत होता. यजमानीणबाईंनी दाराच्या आत जुने पेपर अंथरले होते आणि येणारा प्रत्येक जण ओल्या चपला हातात धरून, पाणी ठिबकवत आत शिरत होता. खिडक्या बंद. टीव्हीचा आवाज बंद, पण चित्र चालू, म्हणजे पडद्याबाहेरून उजेड हलताना दिसावा. गीत सुरू झालं तेव्हा कोपऱ्यातल्या एका आजींनी सवयीने वरचा सूर लावला आणि तीन-चार जणींनी एकदम त्यांच्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. पुढची सगळी गीतं आजींनी नुसते ओठ हलवून म्हटली. सभा संपली, चहा झाला, माणसं थोड्या थोड्या अंतराने खाली उतरू लागली. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या बाई कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आल्या. एवढी माणसं पाहून त्यांनी काळजीनेच विचारलं, ‘काय हो, सगळं ठीक ना?’ यजमानीणबाई चटकन म्हणाल्या, ‘हो हो, भिशी होती.’

ज्या सभेत तासभर ‘मी सत्य आहे’ म्हणणाऱ्या प्रभूचं नाव घेतलं, तिचा शेवट असा झाला. त्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांना तसं शिकवलं आपण.

भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पेपर मीही वाचते. जून २०२५ मध्ये सांगलीत एका आमदारांनी जाहीरपणे, धर्मांतर करायला येणाऱ्या पाळकांना चोप देणाऱ्यांसाठी लाखांची बक्षिसं पुकारली. जुलैत आपली माणसं निषेधाला आझाद मैदानावर जमली. त्याच सुमारास महाराष्ट्रात धर्मांतरविरोधी कडक कायदा आणण्याच्या घोषणा विधिमंडळात झाल्या. त्याच जुलैत छत्तीसगडच्या दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन सिस्टरना पकडण्यात आलं, कारण त्यांच्यासोबत कामाला निघालेल्या आदिवासी मुली होत्या. आठवडाभराने जामीन मिळाला. त्याआधी जानेवारीत बस्तरमधल्या छिंदवाडा गावी एक पाळक वारले. गावाने त्यांना गावात पुरू दिलं नाही. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, आणि जवळजवळ तीन आठवडे शवागारात राहिलेलं वडिलांचं शरीर अखेर वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत नेण्याचा आदेश झाला. उत्तर प्रदेशात २०२४ च्या दुरुस्तीनंतर धर्मांतराची तक्रार कुणीही करू शकतो आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथले असे काही गुन्हे रद्द केले हे खरं, पण तोवर माणसांची वर्षं तारखांमध्ये गेलेली असतात.

आणि हेही खरं की भीतीची वाटणी सारखी नाही. मला पेन्शन आहे, माझ्या सोसायटीत मला तीस वर्षांपासून सगळे ओळखतात. भिल्ल-पावरा वस्तीत दुचाकीवरून फिरणाऱ्या, महिन्याला जेमतेम मानधन मिळणाऱ्या पाळकाला मी ‘धीर धर’ म्हणणं सोपं आहे. मार त्याला बसणार. म्हणून सावधगिरीचीच मी चेष्टा करते आहे असं समजू नका. शिष्यांना पाठवताना प्रभूने स्वतः सापासारखं चतुर व्हायला सांगितलं आणि एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी निघून जायला सांगितलं. पौलाला चाबकाने फोडायला बांधलं तेव्हा त्याने मुकाट्याने पाठ पुढे केली नाही, ‘मी रोमी नागरिक आहे’ हे शताधिपतीला ऐकवलं, आणि पुढे खटला थेट कैसराकडे नेला. म्हणजे पळणंही चालतं आणि कायदा दाखवणंही चालतं. पण पौलाने ‘मी तो नव्हेच’ असं म्हटल्याचं कुठे नाही. ते म्हणणारा पेत्र, आणि त्याला त्याच पहाटे रडू कोसळलं.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्येच इंग्लंडात वाँटेजला झाला होता, तो कुणापासून लपलेला नव्हता. सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही हे ठरलेलं होतं आणि त्यांनी ते पाळलं. हिंदू मुलींच्या पूजाअर्चेला, सोवळ्याला त्यांनी हात लावला नाही. फक्त एक केलं. रोजची आपली प्रार्थना त्या आपल्या खोलीत करत आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. बोभाटा झाला. सांगणाऱ्यांनी सांगितलं, दार लावून घ्या, म्हणजे तंटा मिटेल. रमाबाईंनी लावलं नाही. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकरांसारखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या, केसरीने झोड उठवली. सदन बंद पडेल अशी वेळ होती. ते पडलं नाही. पुढे दुष्काळात केडगावला जे मुक्तिसदन उभं राहिलं, त्याने शेकडो अनाथ आणि विधवा मुलींना घर दिलं.

या प्रकरणात रानडे-भांडारकरांना खलनायक करण्याची आपल्या उपदेशकांना फार हौस आहे. मला ते पटत नाही. परक्या पैशावर चाललेल्या संस्थेत आपल्या मुली धर्म बदलतील ही त्यांची भीती त्या काळात समजण्यासारखी होती. मुद्दा रमाबाईंच्या बाजूचा आहे. त्यांनी कुणाला ओढून आत आणलं नाही आणि स्वतः करत होत्या ते लपवलंही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच बाईने एकाच वेळी केल्या. आपण आज दोन्हींत नापास आहोत. काही जण स्टेजवरून ध्वनिक्षेपक लावून रोग पळवून लावण्याच्या जाहिराती करतात आणि बाकीचे ‘भिशी होती’ म्हणतात.

रमाबाईंविषयी एवढंच आणखी, कारण आपल्या तरुणांना ‘वेगळं ख्रिस्ती आयुष्य’ म्हटलं की सूट-गाऊन आणि इंग्रजी गाणी आठवतात. वाँटेजच्या सिस्टरांनी दिलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, तर रमाबाईंनी वाद घातला की लॅटिन काय आमच्या संस्कृतपेक्षा पवित्र आहे? मांसाहार त्यांनी केला नाही. चर्चच्या अधिकाऱ्यांपुढेही मान तुकवली नाही. म्हणजे ख्रिस्ती म्हणून त्या उठून दिसल्या त्या पोशाखाने किंवा जेवणाने दिसल्या नाहीत.

मग कशाने दिसायचं? याचं एक फार जुनं उत्तर आपल्या माणसाने दिलेलं नाही, आपल्याला छळणाऱ्या एका सरकारी अधिकाऱ्याने दिलेलं आहे. इसवी सन ११२ च्या सुमाराला काळ्या समुद्राकाठच्या बिथुनिया-पंत प्रांतात प्लिनी नावाचा रोमी सुभेदार होता. ख्रिस्ती लोकांविरुद्ध निनावी तक्रारी येत होत्या, नावांच्या याद्या येत होत्या. सगळं अगदी आजच्यासारखं. त्याने चौकशी लावली. जे ‘आम्ही ख्रिस्ती नाही’ म्हणाले आणि बादशहाच्या मूर्तीला धूप दाखवून ख्रिस्ताला शिव्या दिल्या, त्यांना सोडलं. जे तीन वेळा विचारूनही ‘आहोत’ म्हणाले, त्यांना मारलं. मग हे लोक नक्की करतात तरी काय, हे काढून घेण्यासाठी त्याने मंडळीच्या दोन सेविकांचे हाल केले. त्या दोघी गुलाम होत्या. त्यांची नावंसुद्धा त्याने लिहिली नाहीत. एवढं करून बादशहा त्राजानला पाठवलेल्या अहवालात त्याला काय लिहिता आलं? की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतात आणि शपथ घेतात. शपथ कटाची नाही. चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणाची ठेव परत मागितली तर नाही म्हणणार नाही. नंतर पांगतात आणि पुन्हा साधं जेवण करायला एकत्र येतात. प्लिनीने याला अंधश्रद्धा म्हटलं. पण हाल करूनही हाती लागलं ते एवढंच, हे त्यानेच आपल्या हाताने लिहून ठेवलं.

आता माझा प्रश्न आहे. उद्या आपल्या मंडळीत एखादा प्लिनी आला, त्याने आपली रजिस्टरं, जमाखर्च, घरं आणि मोबाइल तपासले, तर त्याच्या अहवालात काय येईल?

पहिली नोंद जातीची येईल. सोयरीक जुळवायला दोन ख्रिस्ती कुटुंबं बसली की चहा येण्याआधी प्रश्न येतो, ‘मूळचे कोण हो तुम्ही?’ दोन्हीकडचे पाच-पाच पिढ्यांचे ख्रिस्ती, आजोबा-पणजोबांच्या कबरी एकाच कबरस्थानात, तरी मूळ विचारलं जातं, आणि मूळ म्हणजे कोणतं गाव हे कुणाला जाणून घ्यायचं नसतं. पाळकांना हे ठाऊक असतं. लग्नाच्या तीनदा घोषणा वाचताना ते आनंदाने वाचतात, कारण दोन्ही कुटुंबं ‘जुळणारी’ असतात. लक्ष्मीबाई टिळकांना सोवळं सोडायला किती वर्षं लागली ते ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी स्वतः, कसलाही आव न आणता, हसत हसत लिहिलं आहे. नवऱ्याने, नारायणरावांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळलं. पुढची चार-पाच वर्षं ताटातूट, नातेवाइकांचे टोमणे, पोराची काळजी. आणि मग सोवळं असं सुटलं की सुटलंच. पुढे त्यांच्या घरात कुठकुठली पोरं वाढली, जेवली. नारायणरावांनी तर शेवटी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकाच पंगतीत बसवलं. आपण त्यांची गीतं दर रविवारी म्हणतो आणि सोमवारी मूळ विचारतो.

दुसरी नोंद जमिनींची येईल. मिशनऱ्यांनी शाळा-दवाखान्यांसाठी घेतलेल्या जागा, त्यांवरची लग्नाची लॉन्स, भाड्याचे गाळे, आणि विश्वस्तांचे एकमेकांवरचे दावे. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत ख्रिस्ती संस्थांच्या फायली किती जाड आहेत ते आपल्यापैकी वकिली करणाऱ्यांना विचारा. तारखेच्या दिवशी कोर्टाच्या आवारात एका गटाचे पाळक दुसऱ्या गटाच्या पाळकांना ओळख दाखवत नाहीत. दिलेला शब्द आणि परत मागितलेली ठेव, हे प्लिनीच्या अहवालातले शब्द इथे वाचून पाहा.

तिसरी गोष्ट लिहायला जड जाते. वर सांगलीतल्या बक्षिसांचं सांगितलं, पण त्याच्या आधीचं सांगितलं नाही. त्या प्रकरणाच्या मुळाशी एका तरुण गरोदर विवाहितेची आत्महत्या होती. सासरच्यांनी तिच्यावर ख्रिस्ती रीतीने वागण्याची सक्ती करून छळलं असा आरोप होता. खरंखोटं न्यायालय ठरवेल. पण आपण मैदानावर जमलो ते आमदारांचा निषेध करायला. तो करायलाच हवा होता. मात्र त्या मुलीचं नाव घेऊन ‘असं कुणी केलं असेल तर तो ख्रिस्ताचा माणूस नाही’ हे वाक्य मोठ्याने, सगळ्यात आधी आपल्याकडून यायला हवं होतं. मी ते ऐकलं नाही. छळ सोसणाऱ्याचा आवाज विश्वासार्ह वाटतो तो आपल्या घरातल्या छळाबद्दलही तो तेवढ्याच जोराने बोलतो तेव्हा. पेत्राने पहिल्या पत्रात हे बजावून ठेवलंच आहे की कुकर्म करून सोसलं तर त्यात शोभा काही नाही. आजार बरे करण्याची हमी, शेजाऱ्याच्या देवांची टवाळी, नोकरीचं आमिष, यांपायी कुणी पोलिसात गेला तर त्याला हुतात्मा म्हणू नका.

आता मला सर्वांत अवघड वाटतं त्या गोष्टीकडे येते.

आपल्या मंडळ्यांत दोन नावांची मुलं आहेत. मंडळीच्या वहीत शमुवेल, शाळेच्या दाखल्यावर संतोष. सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही. कारणही माहीत आहे. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५०, त्याचा तिसरा परिच्छेद. हिंदूंखेरीज इतर धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीचा मानलं जाणार नाही असं त्यात होतं. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा म्हटलं, २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला, पण अट आहे तिथेच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात, चर्चला जायचं आणि सवलतीपुरतं हिंदू म्हणवायचं ही संविधानाची फसवणूक आहे, असं स्पष्ट म्हटलं. म्हणजे आता हे नुसतं संकोचाचं राहिलं नाही, धोक्याचंही झालं आहे.

या मुलांना ढोंगी म्हणणारा उपदेश मी एकदा बसून ऐकला आहे आणि मला चीड आली. उपदेश करणाऱ्यांची तिन्ही मुलं मिशनच्या जुन्या इंग्रजी शाळेत फीमाफीवर शिकलेली. ज्याच्या पणजोबाला गावाबाहेर ठेवलं, बाप्तिस्मा घेतल्यावरही गावाने ज्याला आत घेतलं नाही आणि ज्याच्याशी आपल्यातल्या ‘जुळणाऱ्या’ घरांनी सोयरीक केली नाही, त्या पोराला कागदावर खरं लिही म्हणताना त्याची किंमत एकट्याने त्यानेच का मोजायची? खरं लिहिलं तर त्याची शिष्यवृत्ती जाते, वसतिगृह जातं, नोकरीची रांग बदलते. अत्याचाराच्या प्रकरणात अॅट्रॉसिटीच्या कायद्याचं संरक्षणही हातचं जाऊ शकतं. हा छळ काठीने होत नाही, म्हणून आपण त्याला छळ म्हणत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक ख्रिस्ती घरांना मात्र काठीपेक्षा हाच जास्त ओळखीचा आहे.

नारायणराव टिळकांच्या पिढीचं जेव्हा घरदार सुटलं, तेव्हा मिशनने त्यांना काम दिलं, राहायला जागा दिली. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाचं गावच वसवलं, कारण बाप्तिस्मा घेतलेल्या गोरगरिबांना राहायला आणि कसायला जागा हवी होती. त्या व्यवस्थेत परावलंबन होतं, गोऱ्या साहेबांची मर्जी होती, हे सगळं मान्य. पण त्यांना एक कळलं होतं की माणसाला उघड ख्रिस्ती व्हायला सांगायचं तर त्याच्या रात्रीच्या भाकरीचा विचार आपण करायला हवा. लॉनच्या भाड्यातून आपण आज काय करतो? मंडपाला नवे एसी बसवतो.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि अगदी कोरड्या आहेत.

ते निनावी सूचनापत्र मागे घ्या आणि त्याच्या जागी सही केलेलं दुसरं काढा. त्यात लिहा की घरगुती प्रार्थना गुन्हा नाही. संविधानाच्या पंचविसाव्या कलमात धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे. १९७७ मध्ये स्तनिस्लाउस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असं ठरवलं, तेही लिहा. अर्धा कायदा सांगून माणसं अडकतात. जिल्ह्याजिल्ह्यातल्या दोन वकिलांचे नंबर द्या. जमाव दारात आला तर कुणी बोलायचं, कुणी पोलिसांना फोन करायचा आणि मुलांना कुठल्या खोलीत न्यायचं, तेही त्यात असू द्या. ही सावधगिरी. आणि खाली एक ओळ अशी घाला की कुणी शेजाऱ्याने विचारलं तर ‘आमची प्रार्थना होती, पुढच्या वेळी वाटलं तर या, नाही तर चहाला तरी या’ असं सांगावं. चपला बाहेरच राहू द्या. मोजायच्या तर मोजू देत. बहुतेक घरांत दहा-बारा जोडच निघतील, आणि लाखोंचं धर्मांतर चाललंय असं ज्यांना सांगण्यात आलं आहे त्यांचाही हिरमोड होईल.

दुसरं म्हणजे शिक्षणनिधी. ज्या मुलाला कागदावर खरं लिहायचं आहे त्याच्या फीचा वाटा मंडळीने उचलायचा. ज्याला नाही जमत, त्याला प्रभुभोजनाच्या मेजाशी कुणी वर-खाली पाहायचं नाही. निधीची सुरुवात लॉनच्या भाड्यातून करा. रक्कम सभासदांच्या वार्षिक सभेत वाचून दाखवा.

तिसरी गोष्ट लग्नांची. ज्या पाळकांनी गेल्या वर्षात ‘न जुळणाऱ्या’ दोन ख्रिस्ती घरांचं एकही लग्न लावलं नाही, त्यांनी छळावर उपदेश करू नये. हे माझं मत टोकाचं आहे हे मला माहीत आहे. तरी लिहिते.

आणि छळाच्या बातम्या परदेशी पाठवून त्यांवर देणग्या गोळा करणाऱ्यांना थोडं आवरा. फुटलेल्या डोक्याच्या फोटोखाली बँक खात्याचा क्रमांक पाहिला की मला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांच्या पत्नी आठवतात. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला जमावाने त्यांचा नवरा आणि दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं जीपमध्ये जिवंत जाळली. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं आणि त्या सामान उचलून परत गेल्या नाहीत. बारीपाड्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात पुढे काही वर्षं काम करत राहिल्या. क्षमेबरोबर खटलाही चालला, शिक्षाही झाली. क्षमा केली म्हणून कोर्टाला सुट्टी द्यायची नसते, हे आपल्या काही भाबड्या बंधूंनी लक्षात घ्यावं.

माझ्या आजीबद्दल लोक विचारतात की तिला खेड्यात त्रास झाला नाही का. झाला. एका गावी विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, दुसऱ्या गावी कुत्री अंगावर सोडली. पण तिची पिशवी पाहून लोकांना कळायचं की ही बाई कोण, आणि बाळंतीण अडली की त्याच गावातून तिला बोलावणं यायचं. तिने कधी कुणाला बाप्तिस्म्याचं विचारलं असेल असं मला वाटत नाही, कारण तिचा बहुतेक वेळ बाळंतपणं आणि भांडणं सोडवण्यात जायचा. तरी ती कोण आहे याबद्दल त्या पंचक्रोशीत कुणाला शंका नव्हती.

या पत्राला उत्तर द्यायचं असेल तर कृपा करून ‘ज्ञानोदय’मधून द्या किंवा ‘सुवार्ता’मधून. ‘ज्ञानोदय’सारखं १८४२ पासून चाललेलं नियतकालिक आपल्याकडे असताना व्हॉट्सअॅपवर निनावी पत्रकं काढायची काहीच गरज नाही. उत्तरावर सही असावी.

आपली,
एका मंडळीची सभासद